उतारावर थांबलेला टँकर

सोलोककडून चढ चढून आलेले ट्रक लुबुक सलासीहच्या तिठ्यावर दम खातात आणि मग सितिन्जाउ लाउइकचा उतार उतरून पाडांगच्या बंदराकडे जातात. त्या तिठ्यावर अनासरुलचं गॅरेज आहे. उतरण्याआधी ब्रेक दाखवून घ्यायचे झाले तर आमच्या भागातले जुने ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत. गॅरेजला लागूनच त्याच्या बायकोची, यूसनियारची, चहाची टपरी आहे.

त्या दुपारी वेल्दीचा टँकर तिठ्याच्या अलीकडे भर रस्त्यात अडकून बसला. वेल्दी हा अनासरुलच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्याला वर्ष होत आलं होतं. आमच्यात भाच्याचं बरंवाईट बापाच्या आधी मामाच्या माथी येतं, त्यामुळे अनासरुल हातातला घास टाकून धावला.

"हवा गेली, मामा," वेल्दी केबिनमधून उतरत म्हणाला. "काटा एकदम खाली आला आणि मागची चाकं जाम झाली."

"जाम झाली म्हणून जगलास. मागे गेला असतास थेट सोलोकच्या तळ्यात."

ते खरंच होतं. या मोठ्या गाड्यांत पायाचा ब्रेक हवेवर चालतो आणि मागच्या चाकांवर असलेली जाडजूड स्प्रिंगही हवाच मागे रेटून धरते. हवा संपली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाकं आपोआप आवळली जातात. हँडब्रेक ओढला की तेच होतं. अशी जाम झालेली गाडी हलवायची तर स्प्रिंग बांधून घालावी लागते. ब्रेकच्या डब्याच्या पाठीला भोक असतं, त्यात लांब बोल्ट घालायचा आणि नट आवळत जायचं, म्हणजे स्प्रिंग मागे ओढली जाते. अनासरुलने तिथेच डांबरावर पाठ टेकली, दोन्ही बाजूंना बोल्ट चढवले आणि पामतेलाने गळ्यापर्यंत भरलेला तो दहाचाकी टँकर गॅरेजात घेतला.

डाव्या डब्यातला रबरी पडदा फाटला होता. ब्रेकवर पाय पडला की तिथून हवा निसटत होती.

"नवीन पडदा सोलोकला मिळेल," अनासरुल म्हणाला. "उद्या सकाळी आणतो."

"उद्या नाही. आज रात्री बंदरात माझा नंबर आहे. जुना-बिना काही नाही का?"

"आहे एक वापरलेला. पण वापरलेला तो वापरलेलाच."

"घाला तोच."

अनासरुलने काम सुरू केलं. मनाला पटत नव्हतं, पण त्याने हिशेब केला की पडदा दगा देईल तर हवा जाईल, आणि हवा गेली तर स्प्रिंग आहेच. गाडी जागच्या जागी थांबेल, इतकंच. पाने फिरवता फिरवता त्याचं तोंडही चालू होतं. ही नोकरी सोड, मालक तुम्हाला पळवतात, तू उतारावर गिअर विसरून ब्रेकवर उभा राहतोस, चाकांचा वास मला इथे येतो. वेल्दी सुरुवातीला ऐकून घेत होता. मग तो म्हणाला, "नोकरी सोडून काय करू? तुमच्या गॅरेजात पाने पुसत बसू? आई आजारी होती तेव्हा तुमचं हे गॅरेज एक दिवस तरी बंद झालं होतं का?"

अनासरुल गाडीखालून बाहेर आला. 

"झालं तुझं काम. नीघ. जा, काळं कर तोंड."

यूसनियारने टपरीतून हाक मारली, "अरे, चहा तरी घेऊन जा!" पण वेल्दीने गाडी सुरू केली होती. सपाट जागा होती, हँडब्रेक त्याने तपासला नाही. तपासायला अनासरुलनेही सांगितलं नाही. टँकर धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

अनासरुल नळावर हात धुवायला गेला. साबण घासता घासता त्याची नजर पत्र्याच्या डब्याकडे गेली. डब्याच्या झाकणावर रबराची दोन गोल बुचं पडलेली होती. ब्रेकच्या डब्याच्या पाठीचं भोक ज्यांनी बंद करतात, ती बुचं. बोल्ट काढल्याशिवाय ती बसत नाहीत. बुचं इथे होती, म्हणजे बोल्ट तिथेच होते. दोन्ही स्प्रिंगा बांधलेल्या होत्या आणि त्याने स्वतःच्या तोंडाने त्या पोराला उतारावर पाठवलं होतं.

"यूस! फोन लाव त्याला!"

तिने लावला. टपरीच्या फळीवर, साखरेच्या बरणीमागे, वेल्दीचा फोन वाजायला लागला. चार्जिंगला लावलेला तो तिथेच राहिला होता.

"काय झालं, उदा?" आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते. अनासरुलने दोन वाक्यांत सांगितलं. तिने चुलीवरचं आधण उतरवलं नाही की टपरीची फळी पाडली नाही. मोटरसायकल काढली ती तिनेच, कारण अनासरुलचे हात हँडल धरण्याच्या अवस्थेत नव्हते. त्याने फक्त एक पाना घेतला आणि मागे बसला.

धुकं इतकं होतं की समोरच्या गाडीचे दिवे अंगावर आल्यावरच दिसत.

"बरोबर उतरत असेल तर आत्ता भेटेल," अनासरुल तिच्या कानाशी ओरडला. "भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बैलासारखी चालते. पहिल्या वळणापाशी भेटेल."

पहिल्या वळणापाशी तो नव्हता. दुसऱ्यापाशीही नव्हता. सिमेंटचे दोन ट्रक भेटले, भाजीचा एक भेटला. प्रत्येक वेळी समोर धुक्यात मोठा आकार दिसला की अनासरुलचा जीव उसळायचा आणि जवळ गेल्यावर बसायचा.

"तो पळतोय, यूस. गिअर न टाकता नुसत्या पायाच्या ब्रेकने उतरतोय. मी डिवचलं म्हणून पळतोय."

"आता बोलू नका. माझं लक्ष उडतं."

पुढे धाब्यांच्या रांगेपाशी वास आला. ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.  लायनर जळतंय म्हणजे पोरगा सतत ब्रेक दाबतोय, आणि तो जितका दाबेल तितकी त्या जुन्या पडद्यातून हवा जाणार. त्याने डोळे मिटून कुराणातल्या जेवढ्या आयती आठवल्या तेवढ्या म्हटल्या. दरीच्या बाजूचा कठडा कुठे तुटलेला दिसतो का हे बघायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून यूसनियारच बघत होती.

मोठ्या वळणाच्या वर गाड्यांची रांग थांबलेली होती. खालून चढणारा एक लांब ट्रेलर वळणात अडकला होता आणि वळणावरचा झेंडेवाला लाल झेंडा धरून उभा होता. रांगेत पुढून दुसरा वेल्दीचा टँकर होता. उभा होता, धडधाकट. यूसनियारने "अल्हम्दुलिल्ला" म्हणून श्वास सोडला.

अनासरुलने मात्र मोटरसायकल थांबायच्या आधीच उडी मारली. त्याला आवाज ऐकू आला होता. मागच्या डाव्या चाकातून फुस्स असा सलग आवाज येत होता आणि केबिनमध्ये हवा संपत आल्याचा भोंगा कोकलत होता.

वेल्दी केबिनच्या खिडकीतून ओरडला. "मामा! हँडब्रेक धरत नाही! ओढला तरी गाडी सरकते! पाय काढता येत नाही!"

"काढू नकोस! पुन्हा पुन्हा दाबूही नकोस, दर वेळी हवा जाते. आहे तसाच दाबून धर. न्यूट्रल आहे?"

"आहे."

"रेसचं बटण हाताने बाहेर ओढ. इंजिन चढू दे, हवा भरू दे. स्टिअरिंग डोंगराकडे वळव. घसरलीच तर भिंतीला घासू दे."

इंजिन किंचाळायला लागलं. काटा क्षणभर थांबला आणि पुन्हा खाली यायला लागला. जितकी हवा भरत होती त्याहून जास्त गळत होती. टँकरच्या नाकासमोर, दोन-चार हातांवर, माणसांनी भरलेली एक मिनीबस उभी होती.

यूसनियार मिनीबसकडे धावली आणि तिने काचेवर थापा मारल्या. "उतरा! सगळे उतरा! मागच्या गाडीला ब्रेक नाही!"

"उभीच तर आहे की ती," ड्रायव्हर काच अर्धी खाली करून म्हणाला.

"उभी आहे, पण राहणार नाही!"

"बाई, पाऊस पडतोय," आतली एक म्हातारी कुरकुरली. "उतरलो आणि हा निघून गेला तर? भाडं भरलंय आम्ही."

"ट्रेलर सुटला की निघतोच आहे," ड्रायव्हर म्हणाला. "ओरडू नका, माणसं घाबरतात."

तिला त्यांच्याशी भांडायला वेळ नव्हता. ती मागे पळाली, रस्त्याकडेचे दगड उचलून टँकरच्या चाकांपुढे टाकायला लागली. झेंडेवाला कडेला पडलेला एक ओंडका घेऊन आला. सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर दगड लावताना तिला दिसत होतं की हे दगड त्या वजनापुढे खडीइतकेच आहेत.

अनासरुल तोवर गाडीखाली शिरला होता. वरून पाण्याची धार वाहत येत होती, ती त्याच्या मानेखालून जात होती. डाव्या डब्याच्या पाठीला त्याचाच बोल्ट होता, त्याच्याच हाताने घट्ट आवळलेला. त्याने पाना लावला. नट सैल होईल तशी स्प्रिंग पुढे सरकणार आणि चाक धरणार. पण बोल्ट लांब होता, आणि पाना फिरवायला आतमध्ये जेमतेम वीतभर जागा होती. फिरव, काढ, पुन्हा लाव, फिरव.

"मामा, काटा लाल पट्ट्यात आला! बाहेर या!"

"हँडब्रेक ओढलेलाच ठेव!"

"बाहेर या, मामा! पाया पडतो!"

"वेल्दी, ऐक. रिव्हर्स टाक. इंजिन बंद कर आणि क्लच सोड."

"बंद केलं तर हवा—"

"हवा गेलीच आहे. आता गिअरने धर. टाक!"

इंजिन बंद झालं. एकाएकी इतकी शांतता पसरली की पावसाचा आवाज ऐकू आला. मग पायाच्या ब्रेकमधली उरलेली हवा निसटली आणि टँकरने आपला सगळा भार गिअरवर टाकला. आत तेल हिंदकळलं. गाडी कण्हत बोटभर पुढे आली, थांबली, पुन्हा बोटभर आली. दगड कुरकुरले. अनासरुलच्या डोळ्यांसमोर चाकाच्या खाचा हळूहळू फिरत होत्या. त्याचा पाना थांबला नाही. नट सैल पडला, आत काहीतरी खणकन बसलं आणि डावं चाक जागच्या जागी थिजलं.

"एक झाला!" तो ओरडला.

यूसनियार खाली वाकली. "उदा, बस झालं. बाहेर निघा, धरलंय तिने."

"एका चाकावर नाही राहणार. घसरेल."

तो पोटावर सरपटत उजवीकडे गेला. बोल्ट हाताला लागला, पाना बसला. तोल सावरायला त्याने डावा हात चाकापुढे जमिनीवर टेकला होता. असा हात कधी टेकू नये हे त्याला कळत होतं, पण टेकायला दुसरी जागा नव्हती. त्याने काही फेरे मारले असतील, तेवढ्यात डाव्या चाकाखालचं ओलं सिमेंट सुटलं. टँकर तिरका घसरला. ओंडका पिचला. उजवं चाक दगडावरून उतरलं आणि अनासरुलच्या हातावर येऊन थांबलं.

त्याची किंकाळी वरच्या गाड्यांतल्या लोकांनीही ऐकली.

चाक थांबलं होतं ते अर्धवट सुटलेल्या स्प्रिंगने. ती आणखी सोडली नाही तर चाक पुढे येणार होतं आणि मग नुसता हात जाणार नव्हता. अनासरुलने दात आवळले आणि उजव्या हाताने पाना पुन्हा नटावर बसवला. तो रडत होता आणि फिरवत होता. शेवटी बोल्ट सुटून त्याच्या छातीवर पडला. दोन्ही चाकं आता पक्की होती. त्याच्या डाव्या हाताची बोटं उजव्या चाकाखाली होती.

खाली वळणात ट्रेलर सुटला. झेंडेवाला इथे गाडीखाली वाकलेला असल्यामुळे झेंडा कुणीच हलवला नाही, पण मिनीबसवाल्याला रस्ता मोकळा दिसला आणि तो निघून गेला. म्हातारीने मागच्या काचेतून एकदा वळून पाहिलं.

वेल्दी केबिनमधून खाली उतरला होता. गाडीखाली पाहून तो रस्त्यातच बसला.

"जॅक," झेंडेवाला म्हणाला. "जॅक आहे का?"

"उतारावर भरलेला टँकर जॅकवर?" अनासरुलचा आवाज खालून आला, कसाबसा. "सगळेच मराल. वेल्दी, वर चढ. गाडी मागे घे. वीतभर."

"मी नाही घेणार."

"घे."

"पुढे आली तर, मामा? हँडब्रेक सोडला आणि पुढे आली तर? तुम्ही खाली आहात!"

यूसनियारने त्याला दंडाला धरून उठवलं. तिच्या हातांना चिखल होता, तो त्याच्या शर्टाला लागला. "तुला शिव्या द्यायच्या असतील तर उद्या दे. मला दे, त्यांना दे. पण आत्ता वर चढ. मला चालवता येत नाही, याला येत नाही. तुला येतं."

"मामी, माझे पाय..."

"पाय थरथरू देत. चढ."

तो चढला. झेंडेवाल्याने मागच्या ट्रकवाल्यांना शिव्या घालत थोडं मागे घेतलं, आणि मग येऊन त्याने अनासरुलचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, पाण्यातून वर.

"इंजिन चालू कर," खालून आवाज आला. यूसनियार पायरीवर उभी राहून तो वर पोहोचवत होती. "पाय ब्रेककडे नेऊच नकोस. पाय लावला तर पुन्हा हवा जाईल. काटा पूर्ण वर जाऊ दे."

काटा चढायला वेळ लागतो. एरवी त्या वेळात ड्रायव्हर सिगारेट ओढून घेतात. यूसनियार त्या काट्याकडे बघत होती आणि तिला तो हललेला दिसतच नव्हता. खाली अनासरुल आधी कण्हत होता, मग आईला हाका मारायला लागला, मग बहिणीला. मग बराच वेळ त्याचा आवाज आला नाही.

"उदा!"

"आहे. भरली का?"

"भरली."

"आता रिव्हर्स. क्लच हळू सोड. गाडी मागच्या अंगाने बसल्यासारखी होईल, इंजिनचा आवाज जड होईल. तो आवाज आल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. ऐकलंस? आवाज आल्याशिवाय नाही. मागे आली की लगेच ओढ."

वेल्दीने क्लच सोडायला सुरुवात केली. त्याचा गुडघा इतका उडत होता की इंजिन बंद पडलं.

 त्याने पुन्हा सुरू केलं. तो मोठमोठ्याने रडत होता, पण पाय आता हळू वर येत होता. इंजिनचा आवाज खाली बसला, जड झाला, टँकरची शेपूट दबली.

"सोड!" अनासरुल ओरडला.

हँडब्रेक सुटल्याचा मोठा आवाज झाला. त्या एका श्वासात टँकर पुढेही गेला नाही आणि मागेही गेला नाही. मग तो मागे आला, एक वीत, कदाचित त्याहून कमी. झेंडेवाल्याने अनासरुलला काखेत हात घालून ओढलं. वेल्दीने हँडब्रेक इतक्या जोराने ओढला की मूठ त्याच्या हातात आली. टँकर थांबला आणि थांबूनच राहिला.

भाजीच्या ट्रकवाल्याने अनासरुलला पाडांगला नेलं. यूसनियार त्याच्यासोबत बसली, त्याच्या पंजावर पगडीसारखी गुंडाळलेली झेंडेवाल्याची लुंगी तिच्या मांडीवर लाल होत होती. वेल्दी टँकरपाशीच राहिला. भरलेली गाडी वळणावर सोडून ड्रायव्हरने जायचं नसतं. संध्याकाळी मालकाने दुसरा ड्रायव्हर आणि नवा पडदा पाठवला, तेव्हा तो चालत खाली निघाला. कुठल्या गाडीला त्याने हात केला नाही.

दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. डॉक्टरांनी अनासरुलच्या डाव्या हाताची तीन बोटं काढली होती. वेल्दी दाराबाहेर उभा राहिला. यूसनियारने ओढत आत आणलं तेव्हा तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून फरशीकडे बघत होता.

"बोल्ट मी विसरलो," अनासरुल म्हणाला. "तुझा काही दोष नाही."

"मी पायाने उतरत होतो, मामा. पहिल्या वळणापासून. गिअर टाकलाच नव्हता."

"वास आला होता मला."

 आईच्या आजारपणाबद्दल वेल्दी जे बोलला होता ते तो परत घेईल, असं यूसनियारला वाटत होतं. त्याने घेतलं नाही. ते खोटं नव्हतं, आणि अनासरुललाही ते माहीत होतं.

वेल्दीने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ईदनंतर तो बाताम बेटावर गेला, तिथे एका गोदामात खोकी मोजायचं काम करतो. अनासरुलचं गॅरेज चालू आहे. गाडीखालची कामं आता पगारी माणूस करतो आणि अनासरुल शेजारी उकिडवा बसून बघतो. गाडी निघाली की तो धुक्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहतो, इतकंच.

बातामहून फोन येतो तो मामीच्या नंबरवर. वेल्दी तिच्याशी बोलतो, मग विचारतो, "मामा आहेत का?" ती फोन अनासरुलच्या उजव्या हातात देते.

"पाऊस आहे का तिकडे?" मामा विचारतो.

"आहे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे तर रोजच."

 मग यूसनियार फोन परत घेते.